बिझनेसवाले आणि कोडिंगवाले एका टेबलावर: एकत्र प्रोजेक्ट कसा उभा करायचा

"आयडिया एकदम भारी आहे, फक्त एक कोडर पाहिजे." आणि दुसऱ्या बाजूने, "ॲप तयार आहे, आता फक्त मार्केटिंग करणारं कोणीतरी बघ." ही दोन वाक्यं मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकते. दोन्हीत तो 'फक्त' आहे बघा, आणि खरी अडचण तिथेच आहे. समोरच्याचं काम म्हणजे शेवटी लावायचा एक तुकडा, असं दोघांनाही वाटत असतं. त्यामुळे आपण एक हॉल घेतो, पन्नास जणांना बोलावतो, ओळखपाळख होते, व्हॉट्सॲप ग्रुप बनतो आणि तीन आठवड्यांनी त्या ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे मेसेज उरतात.

मी असे ग्रुप बरेचदा जमवलेत, काही छान चालले, काही पहिल्या महिन्यातच फुटले. त्यातून जे शिकले ते नव्याने हे करू बघणाऱ्यांसाठी लिहितेय. तुम्ही विद्यार्थी असा, क्लब चालवत असा किंवा शिकवत असा, क्रम साधारण हाच ठेवा.

माणसं जमवायच्या आधी प्रॉब्लेम जमवा

बहुतेक जण इथेच उलटं करतात, आधी लोक बोलावतात आणि मग "चला, कोणाकडे काय आयडिया आहे?" विचारतात. मग जो मोठ्याने बोलतो त्याची आयडिया जिंकते आणि बाकीचे त्याचे कामगार होतात. त्यापेक्षा दोन आठवडे आधी एक साधा फॉर्म फिरवा. आयडिया विचारायची नाही, प्रॉब्लेम विचारायचा, आणि तीनच प्रश्न ठेवायचे: त्रास कोणाला होतो, शेवटचा कधी झाला, आणि सध्या ते लोक त्यावर काय जुगाड करतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्याच्यावर लोक काहीच जुगाड करत नाहीत तो त्रास बहुतेक वेळा तितका मोठा नसतो. कोणीतरी वही ठेवलीय, एक्सेल शीट बनवलीय, रोज दहा जणांना फोन करतंय, तर तिथे काहीतरी आहे.

आमच्याकडे एकदा असंच आलं होतं: कॉलेजमधले क्लब एकमेकांचं सामान उसनं घेतात, कॅमेरा, माईक, एक्स्टेंशन बोर्ड वगैरे, आणि ऐन कार्यक्रमाच्या दिवशी ते कुठेय ते कोणालाच माहीत नसतं. दिसायला साधा प्रॉब्लेम. पण पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्या एका प्रोजेक्टमध्ये नीट दिसतं म्हणून तोच परत परत येईल.

टीम किती जणांची

चार, फार तर पाच. दोन कोडिंगवाले, दोन बिझनेसवाले, आणि डिझाईनची आवड असलेलं कोणी मिळालं तर उत्तम. याला साधं गणित आहे, चार जणांत आपसातल्या जोड्या ६ होतात, पाच जणांत १०, आणि आठ जणांत थेट २८. प्रत्येक जोडी म्हणजे एक गैरसमज व्हायची जागा. आठ जणांची टीम मीटिंगची वेळ ठरवण्यातच दमते.

एका कोडरमागे चार बिझनेसवाले असं कधीच करू नका. कोडिंगवाले कमी आले तर टीम कमी करा, हवं तर बाकीच्यांना पुढच्या फेरीत घ्या. एकटा कोडर चौघांच्या सूचना ऐकत बसतो, आजारी पडला की सगळं थांबतं, आणि त्याच्या कोडवर नजर टाकणारं दुसरं कोणी नसतं. एकटा बिझनेसवालाही तसाच अडचणीत येतो, तो काय करतोय हे बाकीच्यांना दिसत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं तो काहीच करत नाही.

अजून एक बारीक पण फार कामाची गोष्ट. दोन्ही बाजूंचं वेळापत्रक आधी शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकाचं सबमिशन असतं तेव्हा दुसऱ्याची इंटर्नशिप सुरू होते, आणि मग "ते लोक सिरियस नाहीत" अशी कुजबुज सुरू होते, जेव्हा की खरं कारण नुसतं कॅलेंडर असतं. सलग सहा मोकळे आठवडे सापडले तर बास. ज्यांना तेवढेही मिळत नाहीत त्यांच्यासाठी वीकेंडचा पर्याय आहे, स्टार्टअप वीकेंड नावाचा प्रकार २००७ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर शहरात सुरू झाला, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ असे ५४ तास, आणि पुढे तो जगभर पसरला. ओळख व्हायला, एकमेकांचा अंदाज यायला ते चांगलंय. पण लोक खरंच वापरतील असं काही उभं करायचं असेल तर माझं मत सहा आठवड्यांच्या बाजूने आहे.

पहिली भेट

पहिल्या भेटीत भाषणं नकोत. ओळख करून द्यायची म्हणून प्रत्येकाला उभं केलं की लोक आपल्याच वर्गातल्यांजवळ जाऊन बसतात, आणि बसलेले लोक परत उठत नाहीत. जमलेले प्रॉब्लेम मोठ्या कागदांवर लिहून भिंतींना लावा आणि लोकांना माणसाकडे न जाता प्रॉब्लेमजवळ जाऊन उभं राहायला सांगा. ज्या कागदाजवळ दोन्हीकडचे लोक जमतात तो चालला, जिथे एकाच बाजूचे लोक आहेत तो तूर्त बाजूला.

मग दीड तासाचं काम द्या, लॅपटॉप बंद. कागदावर पेन्सिलने त्या प्रॉब्लेमच्या तीन स्क्रीन काढायच्या, आणि अट अशी की पेन्सिल बिझनेसवाल्याच्या हातात आणि "हे वापरणारा कोण, त्याला याचा उपयोग काय" हे बोलणार कोडिंगवाला. सुरुवातीला दोघंही अवघडतात. पण बिझनेसवाल्याला पहिल्यांदाच कळतं की एका स्क्रीनवर किती गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि कोडरला कळतं की "युजर" म्हणजे नक्की कोण हे आपण कधी विचारलंच नव्हतं. टीम त्या दिवशी पक्की करू नका, दोन दिवस जाऊ द्या.

पहिला आठवडा: कोड नाही, नुसतं बोलणं

इथे सगळ्यात जास्त विरोध होतो, आणि तो कोडिंगवाल्यांकडून होतो. त्यांचे हात शिवशिवत असतात, पहिल्याच रात्री रेपो (म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड ठेवायची जागा) बनतो, लॉगिन पेज होतं. थांबवा त्यांना. पहिला आठवडा प्रत्येक टीमने कमीत कमी आठ-दहा माणसांशी बोलायचं, आणि जाताना जोडीने जायचं, एक बिझनेसवाला, एक कोडर. नुसत्या बिझनेसवाल्याने जाऊन नंतर रिपोर्ट द्यायचा हे चालणार नाही. कारण रिपोर्टमध्ये माणसाचा चेहरा येत नाही, तो कुठे अडखळला, कुठे वैतागला हे येत नाही, आणि कोडर पुढे महिनाभर जे शेकडो छोटे निर्णय घेणार असतो ते त्या चेहऱ्याच्या आठवणीवर घेतो.

प्रश्न कसे विचारायचे ते आधी शिकवा. "असं ॲप असेल तर वापराल का?" हा प्रश्न बाद. लोक चांगले असतात, आपलं मन मोडत नाहीत, हो म्हणतात. "मागच्या वेळी हे झालं तेव्हा तुम्ही नेमकं काय केलंत?" असं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं जमवावं लागतं, सवय नसते.

त्या सामानाच्या प्रोजेक्टमध्ये आमच्या टीमचं आधीच ठरलं होतं की प्रत्येक वस्तूवर क्यूआर कोड लावायचा, स्कॅन केलं की ती कुठे आहे ते दिसणार. पण लोकांशी बोलल्यावर असं निघालं की वस्तू कोणाकडे आहे हे बहुतेकांना अंदाजाने माहीत असतंच, ती परत मागायला संकोच वाटतो हा खरा त्रास. सिनियरला "माईक कधी देताय" असं कोण विचारणार? म्हणजे पाहिजे होतं ते आठवण करून देणारं काहीतरी, जे कोणा एका माणसाच्या तोंडून येत नाही. क्यूआर कोडची गरजच उरली नाही, आणि त्यावर जे तीन आठवडे गेले असते ते वाचले.

दुसरा आठवडा: हाताने चालवून बघा

कोड लिहायच्या आधी तीच सेवा माणसांनी हाताने चालवायची. झॅपोस या बूट विकणाऱ्या कंपनीची सुरुवात १९९९ मधली, निक स्विनमर्नने दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, वेबसाईटवर टाकले, आणि ऑर्डर आली की दुकानातून तो जोड विकत घेऊन पाठवला. गोदाम नाही, स्टॉक नाही. लोक न घालून बघता बूट घेतील का, एवढंच त्याला बघायचं होतं.

आमच्या टीमने एक शेअर केलेली शीट केली आणि परत द्यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एका मुलीने स्वतः सगळ्यांना ठरलेल्या मजकुराचा मेसेज पाठवला. आठवडाभर. त्यातून कळलं की आठवण आदल्या दिवशी नको, त्याच दिवशी सकाळी पाहिजे, आणि "अजून दोन दिवस हवेत" असं म्हणायची सोय पाहिजे. या दोन्ही गोष्टी हॉलमध्ये बसून कधीच सुचल्या नसत्या.

हा आठवडा बिझनेसवाल्यांचा असतो, त्यांचं काम इथे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं. उलट दिशेनेही तेच खरं आहे, बनवणाऱ्यांनाही बाहेर पडावं लागतं. लोकांची घरं पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणारी एअरबीएनबी २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा संस्थापकांत दोन डिझायनर होते आणि एक इंजिनियर, आणि २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बुकिंग होत नव्हतं तेव्हा त्यांनी स्वतः तिथे जाऊन घरांचे चांगले फोटो काढले. प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचा नसून फोटोंचा होता, तो तिथे गेल्याशिवाय दिसला नसता.

एक पानाचा कागद

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी, सगळ्यांनी एका पानावर लिहून सह्या करायच्या. मैत्रीत कशाला कागद, असं म्हणतील. मैत्री टिकावी म्हणूनच. काय लिहायचं: आठवड्याला प्रत्येक जण किती तास देणार (खरा आकडा, सहा तर सहा), मतभेद झाला तर कोणत्या विषयात कोणाचा शब्द शेवटचा, मध्येच कोणी सोडलं तर त्याचं काम टीमला वापरता येणार का, नावं कोणत्या क्रमाने लागणार, आणि हे पुढे न्यायचं झालं तर परत बसून बोलणार.

कोडबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रेपो सगळ्यांना दिसतोय म्हणजे तो कोणीही वापरू शकतो असं नाही, लायसन्सची (म्हणजे कोड कोणी कसा वापरायचा याच्या परवानगीची) फाईल नसेल तर हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. म्हणून पहिल्या दिवशीच एखादं लायसन्स टाका, एमआयटी लायसन्स छोटं आणि सुटसुटीत आहे. शिवाय तुमच्या संस्थेचा विद्यार्थ्यांच्या कामावर काही हक्क लागतो का ते नियमांत वाचून घ्या.

शेअरची वाटणी या टप्प्यावर करूच नका. "तुझे ४०, माझे ६०" अशी भांडणं अजून एकही युजर नसताना होतात आणि टीम त्यातच जाते. खरंच कंपनी करायची वेळ आली तर चार वर्षांत हळूहळू मिळत जाणारा हिस्सा आणि पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काही नाही, ही स्टार्टअपमध्ये रुळलेली पद्धत आहे, तेव्हा तिच्यापासून बोलणी सुरू करा.

शब्दांचे अर्थ जुळवा

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, कारण बहुतेक भांडणं इथली असतात आणि ती स्वभावाची वाटतात.

"झालं" हा शब्द घ्या. कोडर म्हणतो झालं, म्हणजे त्याच्या लॅपटॉपवर चाललं. बिझनेसवाला ऐकतो झालं, म्हणजे उद्या वीस जणांना लिंक पाठवायची. तो पाठवतो, लिंक उघडत नाही, वीस जणांसमोर त्याचं नाव खराब होतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात! म्हणून 'झालं'ची व्याख्या भिंतीवर लावा: लिंकवर टाकलंय, टीममधल्या दुसऱ्या कोणीतरी आपल्या फोनवर उघडून बघितलंय, आणि चुकीचं काही भरलं तर काय होतं तेही तपासलंय. तिन्ही असेल तरच झालं.

मग "फक्त एक बटण टाकायचंय." त्या सामानाच्या ॲपमध्ये 'अजून दोन दिवस हवेत' हे बटण. कोडरने ते सगळ्यांसमोर फळ्यावर सोडवून दाखवलं: बटण कोणाला दिसणार, किती वेळा दाबता येणार, त्या दोन दिवसांत दुसऱ्या कोणी ती वस्तू आधीच मागितली असेल तर काय, मूळ मालकाला कळवायचं कसं, त्याने नाही म्हटलं तर? बटण तसं पाच मिनिटांचं, त्यामागचे प्रश्न दोन दिवसांचे. आणि त्यातले निम्मे प्रश्न तांत्रिक नव्हतेच, ते लोकांच्या वागण्याचे होते, ते सोडवायचं काम बिझनेसवाल्यांचं होतं. त्या फळ्यासमोर ती टीम खऱ्या अर्थाने एक झाली असं मला वाटतं.

तसंच "फक्त लोकांपर्यंत पोचवायचंय" हेसुद्धा कोडरसमोर सोडवून दाखवा. वीस खरे युजर म्हणजे कदाचित शंभर जणांना विचारणं, त्यातल्या कित्येकांनी उत्तरच न देणं, काहींनी लिंक उघडून सोडून देणं, मग त्यांना परत फोन करून का सोडलं ते विचारणं. एकदा कोडरला दोन तास हे करायला बसवा, नंतर तो मार्केटिंगला कधी हलकं म्हणणार नाही.

तिसरा ते पाचवा आठवडा: बनवणं

आता कोड. अजाईल, स्क्रम वगैरे शब्द कानावर येतील, या सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने बनवायच्या पद्धती, अजाईलचा जाहीरनामा २००१ मध्ये १७ जणांनी मिळून लिहिला, त्यातला एक विचार विद्यार्थ्यांना पुरेसा आहे: थोडं थोडं चालतं सॉफ्टवेअर सारखं दाखवत राहा. रोजच्या मीटिंगची गरज नाही, सगळ्यांना लेक्चर असतात. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी डेमो, आणि डेमोत स्लाईड नको, चालणारी गोष्ट पाहिजे. बिझनेसवाल्यांचाही डेमो असतो हं, या आठवड्यात कोणाशी बोललो, त्यांनी काय केलं, त्यामुळे आपण काय बदलायचं. दोन्ही डेमो एकाच टेबलावर, एकापाठोपाठ.

काम लिहायला तीन खान्यांचा बोर्ड पुरतो: करायचंय, चालू आहे, झालं. एका माणसाच्या नावावर 'चालू आहे'मध्ये दोनपेक्षा जास्त गोष्टी नकोत.

बिझनेसवाल्यांना गिटहबवर (रेपो जिथे ठेवतात ती वेबसाईट) अकाउंट काढायला लावा, नक्की. त्यांनी कोड लिहायचा नाही, पण बग दिसला की तिथे इश्यू टाकायचा: काय करत होतो, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, आणि स्क्रीनशॉट. "चालत नाहीये" असा मेसेज रात्री अकरा वाजता ग्रुपवर टाकण्यापेक्षा हे किती बरं. रेपोतली रीडमी फाईलही, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणारं पान, त्यांनीच लिहावी, आपण काय बनवतोय हे साध्या शब्दांत लिहिता आलं नाही तर ते अजून ठरलेलं नाही असं समजा.

कोडिंगवाल्यांसाठी एक इशारा. पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवेला आपलं ॲप जोडायची गुप्त किल्ली) रेपोत टाकू नका. नंतर फाईल डिलीट केली तरी गिटच्या, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपणाऱ्या टूलच्या, जुन्या इतिहासात ती राहतेच, त्यामुळे चुकून गेली तर की लगेच रद्द करून नवी घ्यायची. आणि लोकांची माहिती लागेल तेवढीच मागा, फोन नंबर पुरत असेल तर जन्मतारीख कशाला?

आता एआयची टूल्स आलीत, बिझनेसवाला एका संध्याकाळी स्वतः चालता प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, बनवून आणतो. मला हे आवडतं, बोलणं लवकर नेमकं होतं. पण तो प्रोटोटाइप म्हणजे कागदावरच्या स्क्रीनची पुढची पायरी, एवढंच आधी स्पष्ट करा. नाहीतर "मी एका रात्रीत केलं, तुला तीन आठवडे का लागतात" हे सुरू होतं. तोच कोड पुढे वापरायचा का हे ज्याला तो सांभाळायचाय त्यानेच ठरवावं.

गाडी अडली तर

चौथ्या आठवड्यात अडतेच. उशीर झाला की नवीन माणसं घेऊया असं सगळ्यांना सुचतं. फ्रेड ब्रूक्स या सॉफ्टवेअर इंजिनियरने १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, कारण नव्यांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. माणसं वाढवू नका, फीचर कमी करा. कोणतं काढायचं हे बिझनेसवाल्यांनी युजरकडे बघून सांगायचं, काढल्याने किती वेळ वाचेल हे कोडरने.

कोणी गायब झालं, मेसेजला उत्तर नाही, तर ग्रुपवर टोमणे मारू नका. एकाने प्रत्यक्ष भेटायचं. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तो माणूस कुठेतरी अडकलेला असतो आणि सांगायला लाजत असतो. सोडायचं असेल तर मानाने सोडता यावं, कागदावर ती सोय आपण आधीच केलेली आहे.

सहावा आठवडा

पाच नव्या माणसांना बोलवा, ज्यांनी हे आधी बघितलेलं नाही, आणि एकेकाला वापरायला द्या. वेबसाईट, ॲप वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सनने २००० मध्ये मांडलं होतं की पाच जणांच्या चाचणीत वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी समोर येतात, आणि एकदम पंधरा जणांना बोलावण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या करून मध्ये सुधारणा करणं बरं. बसायचं असं: बिझनेसवाला समोर, कोडर बाजूला वही घेऊन, आणि कोडरने एक शब्दही बोलायचा नाही. "अहो, ते वर उजवीकडे आहे" हे जिभेवर येतं, ते गिळायचं.

शेवटच्या सादरीकरणात प्रत्येक टीमला एकच नियम: बिझनेसवाल्याने तांत्रिक निर्णयांपैकी एक समजावून सांगायचा आणि कोडरने युजरबद्दल एक गोष्ट सांगायची जी त्याला आधी माहीत नव्हती. मार्क द्यायचे असतील तर यालाच जास्त द्या. आमच्या सामानाच्या टीमचा कोडर उभा राहून संकोचावर पाच मिनिटं बोलला, सिनियरकडे माईक परत मागता येत नाही त्याबद्दल, आणि एपीआयचं नावसुद्धा घेतलं नाही.

त्यानंतरचं काम कोणी सांगत नाही म्हणून लिहून ठेवते. प्रोजेक्ट पुढे चालणार असेल तर पासवर्ड, डोमेन, होस्टिंग कोणाच्या नावावर आहे याची यादी करून दोघांकडे ठेवा, एक कोडर, एक बिझनेसवाला. चालणार नसेल तर ज्यांनी वापरलं त्या प्रत्येकाला मेसेज करून बंद होण्याची तारीख कळवा, त्यांना त्यांची माहिती काढून घ्यायला दोन आठवडे द्या, आणि मग डेटा खरोखर पुसून टाका.